एमएस नेत्ररोगानंतर रेटिनाचं संशोधन: ओटी (ऑपरेशन थिएटर) न सोडता कसं जमवायचं?

तिसरंवर्ष_नेत्र यांचा प्रश्न

नमस्कार. एमएस ऑफ्थल्मॉलॉजी, तिसरं वर्ष, विदर्भातलं सरकारी कॉलेज. पुढे व्हिट्रिओरेटिना (डोळ्यातला जेलीसारखा व्हिट्रस आणि मागचा पडदा, म्हणजे रेटिना) करायचं नक्की आहे. त्यासोबत संशोधनही करायचंय, पण प्रमोशनपुरते पेपर काढण्याएवढंच नको. पेशंट तपासणारा, ऑपरेशन करणारा आणि स्वतःची लॅब किंवा स्वतःचा अभ्यासगट चालवणारा डॉक्टर व्हायचंय.

पीएचडी लागतेच का? लागत असेल तर फेलोशिपच्या आधी की नंतर? फेलोशिप निवडताना काय पाहायचं? आणि हातात उरलेल्या या वर्षात कुठल्या कामाचा पुढे खरंच उपयोग होईल? डायबेटिक रेटिनोपॅथी (मधुमेहाने होणारा रेटिनाचा आजार) आणि आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा रेटिनाचा आजार) या दोन्हींत रस आहे. "आधी सेटल हो, मग बघू" हा सल्ला पुष्कळ मिळालाय, तो सोडून काहीही सांगा.

---

स्क्लेरलबकल

फेलोशिपचं आधी सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिथेच ठरतं.

सगळे एकच विचारतात: हातात किती केसेस मिळतील? ते विचारायलाच हवं. पण त्याच फोनवर आणखीही विचारून घ्या. रेटिनाच्या फॅकल्टीपैकी आज कोणाच्या नावावर मुख्य संशोधक म्हणून चालू ग्रँट आहे? लॅब त्याच आवारात आहे की शहराच्या दुसऱ्या टोकाला? आधीच्या दोन बॅचच्या फेलोंचे पहिल्या लेखकाचे पेपर किती, आणि त्यांत केस रिपोर्ट सोडून काय आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वेबसाइटवर सापडत नाही. पबमेडवर त्या फेलोंची नावं टाकली की दहा मिनिटांत कळतं.

दवाखाना आणि लॅब एकाच आवारात नांदतात अशा जागा देशात मोजक्या आहेत. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद (स्थापना १९८७), चेन्नईचं शंकर नेत्रालय (१९७८) आणि त्याचं व्हिजन रिसर्च फाउंडेशन, मदुराईचं अरविंद (१९७६) आणि त्याची मेडिकल रिसर्च फाउंडेशन, बंगळुरूचं नारायण नेत्रालय, दिल्लीत एम्सचं आर. पी. सेंटर (१९६७). मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया उत्तम शिकता येते. मात्र लॅबची जोड बहुतेक वेळा स्वतः जुळवावी लागते: डोळ्यांचं हॉस्पिटल एकीकडे आणि आयसर, एनसीसीएस किंवा टीआयएफआर दुसरीकडे. जमत नाही असं नाही, पण दोन संस्थांमधला करार हेच एक स्वतंत्र काम होऊन बसतं.

एफएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप) दोन वर्षांची असते. खासगी संस्थांच्या फेलोशिप साधारण दीड ते दोन वर्षांच्या, पुढे काही ठिकाणी बाँड. पहिल्या सहा महिन्यांत संशोधनाची अपेक्षा ठेवू नका. डायबेटिक ट्रॅक्शनल डिटॅचमेंट (ओढ बसून सुटलेला पडदा) आणि पीव्हीआर (सुटलेल्या पडद्यावर व्रणाचे पापुद्रे धरणं) या केसेस शिकाऊ हाताला सवड देत नाहीत. तेवढ्या काळात प्रश्न हेरून ठेवायचा. उत्तर शोधायची घाई नको.

आता वेळापत्रक. नोकरीच्या पत्रात "संशोधनास प्रोत्साहन" असं वाक्य असतं, त्याला काडीची किंमत नाही. संशोधनाचे वार लिहून घ्या. आणि वारही विचार करून निवडा. मंगळवारी ओटी असेल तर बुधवारची सकाळ पोस्ट-ऑप तपासणीत जाते: डोळ्याचं प्रेशर, आत भरलेला गॅस, पेशंटची पोझिशन. तेव्हा बुधवार हा संशोधनाचा वार कागदावर दिसतो तेवढाच, हाती दुपार लागते. गुरुवार-शुक्रवार लागून घ्या. पेशी-संवर्धन असो की ग्रँट लिहिणं, तुटक दोन अर्ध्या दिवसांत काही होत नाही. शिवाय रेटिनाच्या इमर्जन्सी वार बघून येत नाहीत. मॅक्युला-ऑन डिटॅचमेंट (पडदा सुटलाय, पण मधला भाग अजून जागेवर) किंवा एंडोफ्थल्मायटिस (डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग) गुरुवारी सकाळी दाराशी आली तर कोण घेणार, त्या सहकाऱ्याचं नाव आधी ठरलेलं हवं. ते ठरलेलं नसेल तर संरक्षित वेळ तीन महिन्यांत आटतो आणि कोणालाच दोष देता येत नाही, कारण पेशंटला नाही म्हणणं कोणालाही शोभत नाही.

---

ड्रुसेन

पीएचडीबद्दल.

प्रश्न पेशंटवरचा असेल (कुठलं इंजेक्शन, किती अंतराने, स्क्रीनिंग कसं, लेझर की औषध) तर पीएचडी आवश्यक नाही. त्याऐवजी क्लिनिकल ट्रायल्स, एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्समधलं एक-दोन वर्षांचं मास्टर्स जास्त उपयोगी पडतं. प्रश्न पेशी, जनुकं, उंदीर या पातळीवरचा असेल तर पीएचडी घ्या. पदवीपेक्षा महत्त्वाचं कारण हे की प्रयोग फसला की तो का फसला हे शोधून काढायची सवय तीन-चार वर्षं रोज बसल्याशिवाय लागत नाही.

केव्हा? माझं मत: फेलोशिपनंतर लगेच, किंवा फेलोशिपनंतर नोकरी करत. फेलोशिपच्या आधी तीन-चार वर्षं लॅबमध्ये घालवली तर हात थंडावतो. फेको (मोतीबिंदूची शस्त्रक्रिया) पुन्हा बसवावा लागतो आणि मग व्हिट्रेक्टमी (व्हिट्रस काढण्याची शस्त्रक्रिया). उलट मत असणारेही आहेत, पण ते बहुतेक अमेरिकेतल्या एमडी-पीएचडीच्या साच्यात विचार करतात. तिथे पीएचडी एमबीबीएसच्या समकक्ष टप्प्यावर, म्हणजे शस्त्रक्रिया शिकण्याच्या आधीच होते. आपल्याकडे तो टप्पा तुमच्या मागे गेला.

नोकरी करत करायची तर नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आहे: प्रवेश परीक्षा आणि मान्यताप्राप्त गाईड. युजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीचा किमान काळ ३ वर्षं. गाईड नेत्ररोगाचा असेल तर सहगाईड मूलभूत विज्ञानाचा घ्या, नाहीतर लॅबमध्ये तुम्हाला कोणी वाली उरत नाही.

पैशाच्या बाजूने आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) प्रकल्प आहेत, डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आहे. डॉक्टरांसाठी वेगळी वाट हवी तर डीबीटी आणि ब्रिटनमधली वेलकम संस्था यांच्या इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल फेलोशिप बघा: ५ वर्षं, पगार आणि संशोधनाचा खर्च दोन्ही. मुलाखत कडक असते. यजमान संस्था तुम्हाला खरोखर किती वेळ मोकळा देणार हा प्रश्न हमखास येतो. वरच्या प्रतिसादातला लेखी वार इथेही कामाला येतो.

आणखी एक. "सगळं मीच करीन" हा हट्ट सोडा. आरपीई६५ जनुकातल्या दोषाने येणाऱ्या अंधत्वावरच्या जनुक-उपचाराचं उदाहरण घ्या. फिलाडेल्फियात जीन बेनेट लॅबची बाजू सांभाळायच्या आणि त्यांचे पती अल्बर्ट मॅग्वायर रेटिना सर्जन. २००१मध्ये जन्मतः दृष्टी नसलेल्या ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांवर उपचार लागू पडल्याचा पेपर आला, माणसांवरचे पहिले निष्कर्ष २००८मध्ये, अमेरिकेत एफडीएची मान्यता डिसेंबर २०१७मध्ये. डोस दिसायला साधा: प्रत्येक डोळ्यात रेटिनाखाली ०.३ मिली, त्यात १.५ × १०^११ व्हेक्टर जीनोम (जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या प्रती). वेळखाऊ भाग भलताच होता. या पेशंटांची अडचण अंधुक उजेडातली, ती अक्षरांच्या तक्त्यावर पकडता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या उजेडात अडथळ्यांच्या वाटेवरून चालायची चाचणी बांधावी लागली, ती भरवशाची आहे हे सिद्ध करावं लागलं, आणि तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलचा मुख्य निकष तीच ठरली. पेशंटला नेमकं काय जमत नाही हे ओपीडीत पाहिलेल्या माणसाशिवाय अशी चाचणी कोणाला सुचणार? डॉक्टर-संशोधकाची खरी गरज तिथे असते. पिपेट धरायला तुमच्याहून तरबेज माणसं मिळतात.

---

उणेऐंशी

वरचं सगळं बरोबर, पण तुम्ही विचारलंय आत्ता काय करू. सँपल नीट घ्यायला शिका. डायबेटिक रेटिनोपॅथीतले बरेच लॅब-पेपर सँपलपाशीच कच्चे असतात, आणि ती चूक नंतर कुठल्याही मशीनने भरून निघत नाही.

व्हिट्रस घ्यायचा तर सलाइन न मिसळलेला घ्यायचा. व्हिट्रस कापणाऱ्या कटरच्या अ‍ॅस्पिरेशनची (ओढून घेणारी) नळी मशीनपासून सोडवून थ्री-वेने (तीन तोंडांच्या तोटीने) २ मिलीच्या सिरिंजला जोडा. नळीत प्राइमिंगचं बीएसएस (डोळ्यासाठीचं सलाइन) भरलेलं असतं. ते आधी हवेने रिकामं करा, नाहीतर सुरुवातीचा भाग सलाइनच निघतो आणि प्रोटीनचे आकडे मनमानी येतात. इन्फ्युजन (डोळ्यात सोडलेला द्रव) बंद, कटर चालू, सहायक सिरिंज सावकाश ओढतो. ०.५ ते १ मिली मिळतं. डोळा मऊ पडायला लागला, कॉर्नियावर घड्या दिसल्या की तिथेच थांबून इन्फ्युजन उघडायचं, लोभ करायचा नाही. हे सगळं ड्रेप टाकण्याआधी सहायकाशी आणि सिस्टरशी बोलून ठेवा. इन्फ्युजन कोण उघडणार याची चर्चा मऊ डोळ्यावर करायची नसते.

सिरिंज लगेच बर्फात. अर्ध्या तासाच्या आत ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव ५०-१०० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटायचा, मग उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. एका मोठ्या नळीत ठेवलंत तर प्रत्येक चाचणीला सगळं वितळवून पुन्हा गोठवावं लागतं आणि सायटोकाइन (सूज-दाहाची संदेशवाहक प्रोटीनं) दर वेळी थोडे थोडे मरतात. लेबल क्रायोचं, मजकूर छापलेला. मार्करचं अक्षर स्पिरिट लागलं की गेलं.

सोबत एक पानाचा फॉर्म: शेवटचं अँटी-व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ प्रोटीनला रोखणारं) इंजेक्शन कोणतं आणि कुठल्या तारखेला, पीआरपी (रेटिनाचं लेझर) झालंय का, व्हिट्रस हॅमरेज किती, एचबीए१सी, क्रिएटिनिन, लेन्सची स्थिती. पहिला रकाना रिकामा असेल तर ते सँपल व्हीईजीएफच्या अभ्यासातून बाद. ऑपरेशनच्या आधी आठवडाभरात बेव्हॅसिझुमॅब (एक अँटी-व्हीईजीएफ औषध) देण्याची पद्धत ठिकठिकाणी आहे, आणि त्या डोळ्यात तुम्ही औषधाचा परिणाम मोजता, आजाराचा नाही. हॅमरेज असलेल्या सँपलमध्ये रक्तातलीच प्रोटीनं उतरलेली असतात, म्हणून त्यात हिमोग्लोबिनही मोजून ठेवावं.

कंट्रोल म्हणून (तुलनेसाठी) मॅक्युलर होल (पडद्याच्या मध्यभागी छिद्र) आणि एपिरेटिनल मेंब्रेनचे (पडद्यावरचा पापुद्रा) डोळे घेतात. दुसरा पर्याय नाही म्हणून घेतात. ते निरोगी डोळे नव्हेत, आणि पेपरात तसं लिहावं.

फ्रीझर: वेगळी इलेक्ट्रिक लाइन, जनरेटरवर जोडणी, तापमानाचा अलार्म कोणाच्यातरी मोबाइलवर, आणि प्रत्येक पेशंटच्या निम्म्या नळ्या दुसऱ्या फ्रीझरमध्ये. मे महिन्यात विदर्भात लाइट गेल्यावर काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

उंदरांकडे वळलात तर दोन खाचखळगे आधीच माहीत असू द्या. सी५७ ब्लॅक ६ या लॅबमधल्या नेहमीच्या उंदरांच्या 'एन' या उपजातीत सीआरबी१ जनुकाचा आरडी८ दोष मुळातच असतो, 'जे'मध्ये नसतो. रेटिनात खालच्या बाजूला पांढरे ठिपके दिसतात आणि लोक त्यांना आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष समजतात. आणलेल्या उंदरांची जनुकीय तपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या. आरओपीसाठीचं ऑक्सिजन मॉडेल: पिल्लं सातव्या ते बाराव्या दिवसापर्यंत ७५ टक्के ऑक्सिजनमध्ये आईसकट, मग साध्या हवेत, सतराव्या दिवशी रेटिना काढून सपाट पसरायची. ऑक्सिजनमध्ये पिल्लांपेक्षा आई आधी दमते, दूध आटतं, पिल्लांचं वजन घटतं आणि वजनावरून रक्तवाहिन्यांचं चित्र बदलतं. दाई म्हणून दुसरी दूध देणारी मादी तयार ठेवायची आणि वजनाची नोंद रोज.

---

दोनडोळे

शीर्षक वाचून आलो आणि अजून कोणी माझा विषय, म्हणजे संख्याशास्त्र आणि मोजमाप, काढलेला दिसत नाही.

तुमच्या थीसिसमध्ये "६० पेशंट, ११२ डोळे" असं काही आहे का? असेल तर आजच दुरुस्त करा. एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांचे सख्खे भाऊ, स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. साधी टी-टेस्ट लावली की पी-व्हॅल्यू खोटी लहान येते. एक डोळा घ्या (आणि कोणता घेणार हे आधी ठरवा), नाहीतर मिक्स्ड मॉडेल किंवा जीईई (दोन डोळ्यांचं नातं हिशोबात घेणाऱ्या पद्धती) वापरा.

दृष्टी स्नेलेनवर (नेहमीचा ६/६, ६/६०चा तक्ता) मोजून तिची सरासरी काढू नका. ओळींमधलं अंतर समान नसतं. ६/६० वरून ६/३६ म्हणजे 'एक ओळ', पण लॉगमारमध्ये (समान अंतराची दृष्टीची मोजपट्टी) ०.२२, ईटीडीआरएसची (संशोधनात वापरायचा तक्ता) साधारण ११ अक्षरं. ६/१२ वरून ६/९ हीसुद्धा 'एक ओळ', ती मात्र साधारण ६ अक्षरं. ४ मीटरचा ईटीडीआरएस तक्ता, पाठून उजेड असलेला, मोजणारी व्यक्ती शक्यतो तीच. एका ऑप्टोमेट्रिस्टला हे शिकवणं ही तुमच्या विभागाची सगळ्यात स्वस्त संशोधन-गुंतवणूक ठरेल.

ओसीटीवर (रेटिनाचा थरांचा स्कॅन) मोजलेली जाडी एका मशीनवरून दुसऱ्यावर नेऊ नका. स्ट्रॅटस हे मशीन बाहेरची रेघ फोटोरिसेप्टरच्या पट्ट्यावर ओढतं, सिरस त्याखालच्या आरपीई थरावर, स्पेक्ट्रॅलिस आणखी खालच्या ब्रुक्स मेंब्रेनवर. त्याच डोळ्याची मध्यभागाची जाडी स्पेक्ट्रॅलिसवर स्ट्रॅटसपेक्षा ६०-७० मायक्रॉन जास्त येते. मधल्या काळात हॉस्पिटलने मशीन बदललं आणि अभ्यास चालूच राहिला, हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही. शिवाय सूज जास्त असली की सेगमेंटेशनची (थर वेगळे दाखवणारी) रेघ भरकटते. प्रत्येक स्कॅन उघडून डोळ्यांनी बघा, छापील आकड्यावर भिस्त ठेवू नका.

सँपल साइजचा हिशोब एकदा हाताने करून बघा. दोन इंजेक्शनांत ५ अक्षरांचा फरक पकडायचाय, स्टँडर्ड डेव्हिएशन १२, पॉवर ८० टक्के (त्यासाठीचा ठरलेला गुणक ७.८४). एका गटात लागणारे पेशंट = २ × ७.८४ × १४४ ÷ २५ = ९०.३, म्हणजे ९१. पंधरा टक्के गळती धरली तर ९१ ÷ ०.८५ = १०७.०६, म्हणजे १०८. दोन गट मिळून २००च्या पुढे. आता बघा, तीन वर्षांच्या थीसिसमध्ये "प्रत्येकी ३०" घेऊन "दोन्ही औषधं सारखीच" असं लिहिणाऱ्यांनी नक्की काय सिद्ध केलं? सुरुवातीची दृष्टी गणितात घेऊन विश्लेषण केलं आणि सुरुवातीच्या व शेवटच्या दृष्टीतलं को-रिलेशन ०.६ असलं, तर ९०.३चे ५८ होतात. पण हे विश्लेषण प्रोटोकॉलमध्ये आधी लिहिलेलं हवं, निकाल बघून नव्हे.

---

तिसरंवर्ष_नेत्र

खूप आभार सगळ्यांचे. (थीसिसमध्ये डोळे ११२ नाहीत, ९४ आहेत. गाईड सरांशी आजच बोलते.)

दोन उपप्रश्न. आमच्याकडे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) मोठं आहे आणि आरओपीचे फोटो जमतायत. यातून एआयचं काही करता येईल का? आणि परदेशी पोस्टडॉक: रेटिना फेलोशिपनंतर जाण्यात अर्थ आहे का?

---

स्क्लेरलबकल

एआयआधी स्क्रीनिंगची वही बघा. आपल्याकडचा निकष २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म. ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं धोक्याची कारणं असतील तर. पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, आणि २८ आठवड्यांच्या आतली किंवा १२०० ग्रॅमखालची बाळं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. किती बाळं निकषात बसली, त्यांतली किती वेळेत तपासली गेली, डिस्चार्जनंतर किती परत आली? सरकारी रुग्णालयातून हे तीन आकडे प्रामाणिकपणे कोणी मांडले तर तो चांगला पेपर होतो. त्याला ना लॅब लागते ना ग्रँट. जन्माची तारीख, गर्भाचं वय आणि ते कशावरून काढलं (पाळीच्या तारखेवरून की पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरून), एवढं एनआयसीयूच्या कागदावर नसेल तर आधी तो कागद बदलून घ्या.

आरओपीत पाठपुराव्याची लांबी हा कळीचा मुद्दा आहे. लेझर आणि बेव्हॅसिझुमॅब यांची तुलना करणाऱ्या २०११च्या बीट-आरओपी ट्रायलमध्ये १५० बाळं होती. आजार पुन्हा डोकं वर काढण्याचा काळ लेझरनंतर सरासरी ६ आठवडे, बेव्हॅसिझुमॅबनंतर १६ आठवडे. तुमचा अभ्यास इंजेक्शननंतर बारा आठवड्यांत बंद झाला तर इंजेक्शन आपोआपच जिंकतं. शिवाय बाळ तोवर गावी गेलेलं असतं. येण्याजाण्याचं भाडं, आईचा आणि शेजारच्या कोणाचातरी असे दोन फोन नंबर, आशाताईंशी ओळख, हे प्रोटोकॉलच्या बजेटमध्येच धरा.

---

दोनडोळे

एआयबद्दल थोडक्यात. डायबेटिक रेटिनोपॅथीवरचा २०१६चा गुगलचा गाजलेला पेपर १,२८,१७५ फंडस फोटोंवर (रेटिनाचे फोटो) शिकवलेल्या मॉडेलचा होता, आणि त्यातले फोटो अमेरिकेसोबत अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालयातूनही आलेले. तुमच्याकडे काही हजार असतील. त्यावर नवं मॉडेल बांधण्यात हशील नाही. तयार मॉडेल आपल्या बाळांवर, आपल्या कॅमेऱ्यावर चालतं का, हे तपासण्यात आहे.

तिथेही नेहमीची चूक: फोटो सरमिसळ करून शिकवण्याचे आणि तपासणीचे असे वेगळे काढतात. एकाच बाळाचे फोटो दोन्हीकडे जातात, मॉडेल बाळ ओळखतं, आजार नाही, आणि अचूकता ९८ टक्के येते. विभागणी फोटोवर नव्हे, बाळावर करायची. खराब फोटो आधीच फेकून देऊ नका. थायलंडच्या दवाखान्यांत डायबेटिक रेटिनोपॅथीचं मॉडेल प्रत्यक्ष वापरलं तेव्हा २१ टक्के फोटो मशीनने दर्जा कमी म्हणून नाकारले. हा आकडा फक्त सगळे फोटो ठेवणाऱ्याला मिळतो. आणि 'खरं उत्तर' कोणाचं? 'प्लस' (रक्तवाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या) आहे की 'प्री-प्लस' (त्याच्या आधीची पायरी) यावर कसलेल्या तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. तिघांनी एकमेकांचं न बघता ग्रेडिंग करायचं, आणि मतभेद किती वेळा झाला तेही छापायचं.

---

ड्रुसेन

परदेशाबद्दल. अमेरिकेत रिसर्च पोस्टडॉकसाठी वैद्यकीय परवाना लागत नाही, पण मग पेशंटला हातही लावता येत नाही, शस्त्रक्रिया तर दूरच. रिसर्च स्कॉलर म्हणून जे-१ व्हिसा जास्तीत जास्त ५ वर्षं. क्लिनिकल प्रशिक्षणाचा जे-१ वेगळा, त्याला दोन वर्षं मायदेशी परतायची अट चिकटलेली असते. तिथले के०८, के२३ हे डॉक्टर-संशोधकांचे पुरस्कार (म्हणजे संशोधनाची सरकारी अनुदानं) ७५ टक्के वेळ संशोधनाला मागतात, पण ते नागरिक किंवा कायमस्वरूपी रहिवाशांनाच. बाहेरच्यांना खुला आहे तो के९९. म्हणजे "तिथे जाऊन स्थिरावू" हा हिशोब कागदावरच अवघड आहे.

एक-दोन वर्षांसाठी, ठरावीक तंत्र शिकायला जाणं मात्र फायद्याचं: सिंगल-सेल आरएनए, अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स, व्हेक्टर बनवणं, ट्रायलचं रीडिंग सेंटर (स्कॅन-फोटो एका जागी तपासणारं केंद्र). जाण्याआधी परतीची जागा आणि त्या तंत्राचं यंत्र इथे असेल का ते बघा. यंत्र नसेल तर शिकलेली विद्या दोन वर्षांत विसरते.

---

खिसापाकीट

कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. खासगी रेटिना प्रॅक्टिस आणि संशोधन संस्थेचा पगार यांत मोठी तफावत आहे, आणि घरचे ती दर दिवाळीला मोजतात. उपाय: आठवड्यातले ओटीचे दिवस टिकवा, संस्थेकडून शस्त्रक्रियेवर हिस्सा मिळतो का ते करारातच बघा, आणि पहिल्या पाच वर्षांत मोठं कर्ज काढू नका. दुसऱ्याच वर्षी संशोधन सोडणाऱ्यांपैकी बरेच जण घराच्या हप्त्यामुळे सोडतात, प्रयोग फसल्यामुळे नव्हे.

---

उणेऐंशी

@तिसरंवर्ष_नेत्र, या वर्षापुरता कामाचा क्रम सांगतो. बीसीबीआर (संशोधनाचा पायाभूत ऑनलाइन कोर्स) पीजीसाठी सक्तीचाच आहे, तो झाला असेल. त्याच्या जोडीला गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र घ्या. थीसिसपलीकडचा कुठलाही अभ्यास सुरू करायचा तर क्रम असा: प्रोटोकॉल, एथिक्स कमिटी, मग सीटीआरआयवर (ट्रायल्सची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी, मग पहिला पेशंट. सीटीआरआय १ एप्रिल २०१८पासून मागाहून नोंदणी करून घेत नाही. पहिला पेशंट आधी घेतलात तर ती ट्रायल चांगल्या जर्नलच्या दृष्टीने संपली. नोंदणीत शंका विचारून अर्ज परत येतो, त्यासाठी काही आठवडे हाताशी ठेवा. तुमच्या कॉलेजची एथिक्स कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, आणि ती नोंदणी चालू आहे का, हे सचिवांना विचारा. मुदत संपलेल्या कमिटीची मंजुरी रिव्ह्यूअर पकडतात.

सँपल साठवणार असाल तर संमतीपत्रात 'पुढच्या संशोधनासाठी जतन' याला वेगळी सही घ्या, मराठीत, आणि पेशंटची दृष्टी अधू असेल तर वाचून दाखवून, साक्षीदाराच्या सहीसह. ती ओळ नसेल तर पाच वर्षांनी फ्रीझर भरलेला असूनही नवीन चाचणी लावता येत नाही. आणि परदेशी लॅबकडून पैसा किंवा सहकार्य घेणार असाल तर आयसीएमआरमार्फत एचएमएससीची (आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती) मंजुरी लागते. ती कमिटी ठरावीक काळानेच बसते, त्यामुळे अर्ज ग्रँटच्या तारखेच्या बराच आधी टाका. नळ्या बाहेर पाठवायच्या असतील तर दोन संस्थांमधला मटेरियल ट्रान्स्फर करार त्याच अर्जाला जोडा, नाहीतर फाइल परत येते.

९४ डोळ्यांचं काय ठरलं ते मात्र कळवा.